बंदराच्या पाठीमागची लव्हडे

मी, हेडली जॉन ट्रेगेन्झा, वय वर्षे शहाऐंशी, धंदा चित्रांना फ्रेमा करण्याचा (आता बंद), राहणार चॅपल गल्ली, न्यूलिन, कॉर्नवॉल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मंगळवारी मला आजचा वार आणि पंतप्रधानांचे नाव विचारून, शंभरातून सात-सात वजा करायला लावून, डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला आहे. तो सोबत जोडला आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. दाब आणायला या घरात कोणी येतच नाही.

कलम १. आधीचे मृत्युपत्र. सन २००१ मध्ये वकील रंडल यांच्याकडे ठेवलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. कारण एकच. त्यात मी लिहिले होते की माइल्स फेरबीचे 'करडे बंदर' हे चित्र लिलावात विकावे आणि त्याच्या पाठीला चिकटवलेला कागद कोणीही, कोणत्याही सबबीवर, फाडू नये. त्या कागदाआड माझी बायको लव्हडे आहे. एकाच हार्डबोर्डच्या एका बाजूला बंदर रंगवले आहे आणि दुसऱ्या बाजूला लव्हडे. त्या काळी या लोकांकडे बोर्ड घ्यायलाही पैसे नसत, म्हणून ते दोन्ही बाजू वापरत. मग कोणती बाजू खोलीकडे आणि कोणती भिंतीकडे, हे फ्रेमवाला ठरवी. मी बावन्न वर्षे लव्हडेचे तोंड भिंतीकडे ठेवले. हा बोर्ड आता कोणाकडे जावा आणि कोणती बाजू पुढे करून जावा, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. ज्याला बाकीचे वाचायचा कंटाळा असेल त्याने थेट सहावे कलम वाचावे. माझा मुलगा डेन्झिल आधी घराचे कलम शोधेल, म्हणून ते मी सहाव्याच्याही नंतर ठेवले आहे.

कलम २. अंमलबजावणी. ती रंडल यांनीच करावी. त्यांनी तयार करून दिलेला मसुदा मी वापरलेला नाही. त्यात 'मयत पत्नी' हे शब्द चार वेळा आले होते आणि तिचे नाव एकदाही नव्हते.

कलम ३. भाऊ क्लॅरेन्स. वडिलांचे भिंतीवरचे घड्याळ मी चोरले, असे तो चाळीस वर्षे पबमध्ये सांगत आला आहे. ते घड्याळ त्याला द्यावे. ते चालत नाही. मी घेतले तेव्हाही चालत नव्हते.

कलम ४. हत्यारे. कोपरे कापायची मोठी करवत, शिकंजे आणि रंधे पेन्झान्सच्या शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गाला द्यावेत. माझा शेजारी गारफिल्ड हॉस्किंग याचा त्या करवतीवर पहिल्यापासून डोळा आहे. त्याला मी मुद्दाम साक्षीदार केले आहे, कारण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असा आपल्याकडे कायदा आहे. सोन्याचा वर्ख घासायचा अकीक दगड मात्र लिलावघराच्या मिस फिलिपा ऑर्ड यांना द्यावा. का, ते पुढे येईल.

कलम ५. चित्रांचा संग्रह. घरात एकूण एकतीस चित्रे आहेत. त्यांपैकी तीस लंडनच्या लिलावघराने ऑक्टोबरात विकावीत आणि येतील ते सगळे पैसे डेन्झिलला द्यावेत. त्याला चित्रात कधी काही दिसले नाही आणि पैशात सगळे दिसते, तेव्हा ज्याला जे दिसते ते त्याला मिळावे.

लिलावघराने या चित्रांना 'आधुनिक ब्रिटिश' असे भारदस्त नाव दिले आहे. न्यूलिनमध्ये आम्ही या लोकांना नुसते रंगारी म्हणायचो. ते लंडनहून येत, मासे वाळवायच्या माड्या भाड्याने घेत, आणि वसंतात लंडनच्या प्रदर्शनाला चित्रे धाडायची वेळ आली की सगळे एकाच आठवड्यात माझ्या दारात उभे राहत. ज्याच्या खिशात काही नसे तो फ्रेमच्या बदल्यात एखादे चित्र ठेवून जाई. असा हा संग्रह झाला. मिस ऑर्ड यांनी यादीच्या पहिल्या पानासाठी जो मजकूर पाठवला आहे त्यात लिहिले आहे : 'कलावंतांशी जिव्हाळ्याची मैत्री असलेल्या, विलक्षण नजरेच्या कारागिराचा खासगी संग्रह.' हे वाक्य काढून टाकावे. मैत्री वगैरे नव्हती, ती गिऱ्हाईके होती. आणि नजरेचे म्हणाल तर भिंतीवर जेवढी जागा मोकळी असे तेवढ्या मापाचे चित्र मी उचलत असे. माझ्या नजरेचा खरा हिशेब खालच्या कलमात आहे. छापायचाच असेल तर तो छापावा.

कलम ६. एकतिसावे चित्र.

सन १९५६. आमच्या लग्नाला ऑक्टोबरात दहा वर्षे पुरी होणार होती. त्या उन्हाळ्यात लव्हडे दर गुरुवारी चॅपलच्या शिवणवर्गाला म्हणून बाहेर पडे. एकदा मी पोस्टात तिकिटे घ्यायला गेलो, तेव्हा खिडकीपलीकडून बेरिल पास्को म्हणाली, "काय हो हेडली, लव्हडे बरी आहे ना? तीन गुरुवार झाले, शिवणाला नाही आली. फेरबीच्या माडीवर चढताना दिसली तेवढी. म्हटलं, फ्रेमचंच काही काम असेल तुमचं."

माझे काहीही काम नव्हते. मी तिकिटे घेतली आणि घरी आलो. लव्हडेला काही विचारले नाही. विचारणे मला कमीपणाचे वाटले.

पुढच्याच आठवड्यात लव्हडे स्वतः गोणपाटात गुंडाळलेला बोर्ड घेऊन कारखान्यात आली. बोर्ड तिने बंदराची बाजू वर करून बाकावर ठेवला आणि म्हणाली, "फेरबीचं बंदर आहे. चांगली फ्रेम कर. आणि घाई करू नकोस, नीट बघून कर."

मी वर्ख कापायच्या चामडी गादीवर सोन्याचा वर्ख पसरला होता. तिने दार उघडे टाकले होते. मी म्हणालो, "दारात उभी राहू नकोस, वर्ख उडतो."

"बरं बाई, जाते," ती म्हणाली आणि हसत गेली. तिला थांबायचे होते, हे मला या वर्षी कळले.

आता माझ्या कामाची रीत सांगतो. समुद्राच्या खाऱ्या हवेने हार्डबोर्ड कडांपासून फुगतो. म्हणून बोर्ड हातात आला की मी आधी कडा बंद करी, मग बाकीचे. डिंक लावलेली खाकी पट्टी ओली करायची, समोरून दोऱ्याएवढी दिसेल अशी बसवायची, उरलेली अर्धा इंच खालून मागे दुमडायची आणि अंगठ्याने दाबत जायचे. चारही बाजू झाल्या की रात्रभर वाळू द्यायचे आणि मगच बोर्ड उलटायचा. ओला उलटला तर पट्टी सुटते. माझी कड तीस वर्षांत कधी सुटली नाही, असे रंगारी सांगत, आणि ते खरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड उलटला. फेरबीच्या वेताच्या खुर्चीत माझी बायको बसली होती. केस मोकळे. नुकतीच मान वर करून बघावे तशी ती बघत होती आणि हसत होती. तिचे केस घराबाहेर मोकळे असलेले मी कधी पाहिले नव्हते. मी केसांच्या खाली पाहिलेच नाही. मागे जाड कागद चिकटवला, चारी बाजूंनी बारीक खिळे मारले आणि चित्र स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीच्या समोरच टांगले, बंदर पुढे करून.

ती मासळी घेऊन आली. पिशवी हातातच धरून बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली.

"दुसरी बाजू बघितलीस?" तिने विचारले.

"बघितली."

"सगळी?"

"डोळे आहेत मला."

ती म्हणाली, "मला सांगायचं होतं ते सांगून झालं, हेडली. पुन्हा नाही सांगणार." आणि सिंकवर जाऊन मासे साफ करायला लागली.

मला वाटले, तिने कबुली दिली. त्या कबुलीवर मी बावन्न वर्षे काढली. चार दिवसांनी फेरबी दात काढत आला आणि म्हणाला, "काय मग, कसं वाटलं?" मी त्याला फ्रेमेसाठी आलेल्या त्याच्या सहा चित्रांसकट बाहेर काढले. पुढच्या वसंतात लंडनला त्याची चित्रे पातळ पांढऱ्या पट्ट्या ठोकून गेली. पुढे तो स्पेनला गेला आणि तिथेच मेला. त्याच्याविषयी मी पबमध्ये आणि चॅपलमध्ये जे जे बोललो ते सर्व मी या मृत्युपत्राने परत घेतो. तो उधळ्या होता, एवढे मात्र परत घेत नाही.

लव्हडेने नंतरची पस्तीस वर्षे त्या भिंतीकडे तोंड करून जेवण केले. वसंतात स्वयंपाकघराला रंग द्यायचा असे तेव्हा ते चित्र मी स्वतः उतरवी आणि स्वतः टांगी. तिने कधी हात लावला नाही. आम्ही भांडलो नाही. माझ्या डब्यातली मांस-बटाटा भरलेली पेस्टी ती शेवटपर्यंत माझ्या नावाची अक्षरे कोपऱ्यात काढून भाजत राहिली. मला वाटे, हा तिचा पश्चात्ताप आहे आणि तो तिने केलाच पाहिजे.

सन १९९१ मध्ये ती गेली. त्याच्या आदल्या सोमवारी माझी मुलगी टॅम्सिन जिना उतरून खाली आली.

"बाबा, ते चित्र फिरवा. आई मागतेय."

"तापात बडबडतेय ती."

"बडबडत नाहीये. म्हणतेय, एकदा मला भिंतीवरून खोलीत बघू दे. एवढंच. मी काढते, तुम्ही बाजूला व्हा."

तिने खणातून पेचकस काढला. मी तो तिच्या हातातून हिसकावून घेतला. तिच्या अंगठ्याला लागले. ती म्हणाली, "एवढं काय आहे हो तुमच्या मनात?" मी पेचकस खिशात घातला. शुक्रवारी लव्हडे गेली. दफनानंतरच्या चहाला टॅम्सिनने कपाला तोंडही लावले नाही आणि ती ट्रुरोला निघून गेली. सतरा वर्षांत तिने या घरात पाणीही प्यायलेले नाही. नाताळला कार्ड येते. त्यावर छापलेला मजकूर असतो आणि खाली सही.

आता यंदाचा एप्रिल. लिलावासाठी चित्रे बघायला मिस ऑर्ड आल्या. डेन्झिल त्यांच्या पुढे-मागे करत होता. फेरबीचे बंदर त्यांनी सर्वांत शेवटी घेतले. हेच सगळ्यांत जास्त भावाला जाणार हे त्यांनी आधीच सांगितले होते.

"मिस्टर ट्रेगेन्झा, हा मागचा कागद काढावा लागेल. मागची बाजू बघितल्याशिवाय आता कोणी बोली लावत नाही."

"काढायचा नाही, असं लिहून ठेवलंय."

"कोणी?"

"मी."

"मग तुम्हीच काढा ना," असे म्हणून त्यांनी आपली सुरी माझ्या हातात दिली.

मी कागद काढला. का काढला, ते खरे सांगतो. माझ्यावर केवढा अन्याय झाला, हे मरण्याआधी कोणाला तरी दाखवावे, असे मला वाटले. मिस ऑर्ड बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "जम्पर कोणासाठी विणतायत या?"

मी पाहिले. लव्हडेच्या मांडीवर गडद निळ्या लोकरीचे, मच्छीमार घालतात तसल्या स्वेटरचे, अर्धवट विणकाम होते. छातीवर दोरखंडाची वीण, खांद्यावर शिडीची. ते जम्पर मी ओळखले. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला तिने ते मला दिले होते. मी नऊ हिवाळे अंगात घातले, एकदाही छान आहे म्हटले नाही, आणि कोपर फाटल्यावर त्याच्या चिंध्या करून फ्रेमा पुसायला घेतल्या. लोकरीने वर्ख चांगला चमकतो. त्यातला एक तुकडा अजून कारखान्यातल्या डब्यात आहे.

मिस ऑर्ड म्हणाल्या, "कडेची पट्टी सोडवू का? सही बऱ्याचदा कडेलाच असते." मी चहा ठेवायला गेलो. मिस ऑर्ड ओल्या कापसाने आणि हाडाच्या चपट्या पात्याने तासभर काम करत होत्या. पट्टी कुठेही फाटली नाही. माझी पट्टी न फाडता काढणारे दुसरे कोणी मला ठाऊक नाही. अकीक दगड त्यासाठी.

मग त्यांनी हाक मारली. त्यांनी ते मोठ्याने वाचले नाही, नुसते भिंग माझ्यापुढे धरले. खालच्या कडेला, माझ्या अर्ध्या इंच पट्टीखाली, फेरबीच्या नव्हे तर लव्हडेच्या अक्षरात, बारीक ब्रशने लिहिले होते :

'हेडली, दिवसभर लोकांची चित्रं बघतोस. आता जरा माझ्याकडे बघ. तुझीच, लव्हडे. दहावं वर्ष.'

ज्या सकाळी मी बोर्ड उलटला त्या सकाळी ही ओळ पहिल्यांदा दिसायची होती. लव्हडे आणि फेरबी, दोघांनी मिळून तसा बेत केला होता. मी आदल्या दिवशीच ती माझ्या अंगठ्याने दाबून बंद केली होती. आणि लव्हडेला शेवटपर्यंत वाटत राहिले की मी ती वाचली आणि वाचूनसुद्धा तिला भिंतीकडे फिरवले.

डेन्झिल माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "दोन बाजू म्हणजे दोन चित्रं धरायची का? भाव वाढेल ना मग?" मिस ऑर्ड भिंग पुसून पिशवीत ठेवू लागल्या. पाचव्या कलमात त्याला जे मिळाले आहे ते या प्रश्नाआधीच ठरले होते, म्हणून कमी केलेले नाही.

सबब, हा बोर्ड लिलावातून काढून घ्यावा आणि माझी मुलगी टॅम्सिन हिला द्यावा, लव्हडेची बाजू पुढे करून. तिने तो ठेवावा, विकावा किंवा दारे बंद करून एकटीने बघावा. तिच्यावर अट घालण्याचा हक्क मला राहिलेला नाही. त्याला मी नवी फ्रेम केली आहे. हात आता स्थिर राहत नाही म्हणून सहा आठवडे लागले आणि डाव्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहिली आहे. माझ्या हातून गेलेली ही पहिली फट आहे. खालची खाच मी इतकी अरुंद ठेवली आहे की ती ओळ पूर्ण दिसते. कडेला पट्टी लावलेली नाही आणि कोणी लावू नये. हवेने बोर्ड फुगेल. फुगू दे.

कलम ७. घर. घर टॅम्सिनला द्यावे. डेन्झिलचा बेत ते रंगवून उन्हाळी पाहुण्यांना आठवड्याच्या भाड्याने द्यायचा आहे आणि दारावर 'फ्रेमवाल्याचे घरकुल' अशी पाटी लावायची आहे. पाटी तयारसुद्धा आहे, मी ती त्याच्या गाडीत पाहिली. ती त्याने जपून ठेवावी. बँकेत जे थोडेबहुत आहे ते बुडत्यांना वाचवणाऱ्या लाइफबोटीच्या दानपेटीत टाकावे.

कलम ८. दफन. लव्हडेच्या दगडावर तिच्या नावाखाली माझ्यासाठी जागा सोडलेली आहे. ती मीच सोडायला लावली होती, न विचारता. मला तिथे ठेवायचे की नाही, हे टॅम्सिनने ठरवावे. ठरवण्याआधी तिने ती ओळ वाचावी. मी तिला हे पत्राने कळवलेले नाही. तीन वेळा लिहायला बसलो. 'प्रिय टॅम्सिन' याच्या पुढे काय लिहायचे ते आले नाही, म्हणून ते इथे, वकील वाचणार हे ठाऊक असून लिहीत आहे. अंगठ्याचे मला आठवते, एवढे तिला सांगावे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला आणि तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांना मी चित्र दाखवले, ती ओळ वाचायला लावली आणि सहीच्या वर ज्याला जे लिहायचे असेल ते लिहायची मुभा दिली. रंडल यांना हे आवडणार नाही.

ठिकाण : न्यूलिन, स्वयंपाकघरात
दिनांक : गुरुवार, १२ जून २००८

(सही) हेडली जॉन ट्रेगेन्झा

साक्षीदार पहिला :
चित्र पाहिले. हेडलीने माझ्यासमोर सही केली. करवतीबद्दल त्याने जे लिहिले आहे ते खरे आहे, पण मी ती विकत मागत होतो, फुकट नाही.
(सही) गारफिल्ड हॉस्किंग, निवृत्त मच्छीमार, शेजारचे घर

साक्षीदार दुसरी :
ओळ वाचली. हेडलीने माझ्यासमोर सही केली. पोस्टाच्या खिडकीत मी जे बोलले ते लिहिले आहे तसेच बोलले. त्यानंतर त्याच आठवड्यात लव्हडे माझ्याकडे आली होती. जम्परच्या गळ्याला टाके किती घालू, नवऱ्याचा गळा जाड आहे, असे तिने मला विचारले होते. मी तिला मोजून सांगितले होते.
(सही) बेरिल पास्को, निवृत्त पोस्टमास्तरीण, चॅपल गल्ली